कान गेले, हक्क उरला!

माणसाच्या सर्व इंद्रियांत कान हे मोठे सोशीक इंद्रिय आहे. डोळ्यांत कस्पट गेले की डोळा लगेच पाणी काढून तक्रार करतो. दाढ दुखू लागली की ती सारे घर जागे ठेवते. पायात काटा मोडला तर पाय जमिनीला टेकू देत नाही. कान मात्र वीस-वीस वर्षे मार खातो आणि हूं की चूं करीत नाही. मग एके दिवशी घरातली माणसे म्हणू लागतात, "अहो, हाका मारमारून आमचा घसा बसला!" तेव्हा कोठे कळते की, हा गडी केव्हाच कामावरून उतरला आहे. या गेलेल्या कानाचे खापर आपण फोडतो ते वयाच्या माथ्यावर. साठी उलटली, आता ऐकू कमी येणारच, असे म्हणून आपण मोकळे होतो.

वय हे कारण खोटे नाही, पण ते प्रत्येक वेळी खरे असतेच असेही नाही. पुष्कळांचे कान म्हातारपणाने नेलेले नसतात, ते कामाने नेलेले असतात. ज्याचे कान कामाने नेले, त्याला या देशाच्या कायद्याने काही देणे लागते. ते देणे दयेचे नव्हे, हक्काचे. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सुशिक्षित घरांतसुद्धा ती ठाऊक नसते. मग महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर ती कोणी सांगायची?

चाकरमान्यांचा मुलूख

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके. १९८१ पर्यंत याच जिल्ह्याला आपण कुलाबा म्हणत होतो. एका बाजूस सह्याद्रीची भिंत, मधून सावित्री नदी, घाटावर चढणाऱ्या वळणांच्या वाटा आणि डोंगरउतारावर भाताची लहान लहान खाचरे, असा हा प्रदेश. नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातच येते. पाऊस येथे उदंड पडतो, पण त्या पावसावर पिकणारे भात घरातल्या सर्व तोंडांना वर्षभर पुरत नसे. म्हणून घरातला एक तरी हात मुंबईला जावा, अशी येथली रीतच पडून गेली होती.

मुंबईला जायचे म्हणजे गिरणीत जायचे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. तेव्हापासून पुढे शंभरावर वर्षे रत्नागिरी, कुलाबा आणि सातारा या जिल्ह्यांनी गिरणगावाला माणसे पुरविली. गावचा माणूस मुकादमाशी बोलून आपल्या माणसाला खात्यात चिकटवी. नवा गडी आधी बदलीवर लागे, मग कायम होई. चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत. खानावळवालीकडे जेवण, महिन्याअखेर गावी मनीऑर्डर, आणि गौरी-गणपतीला नाहीतर शिमग्याला गावचा रस्ता. या मनीऑर्डरींवर कोकणातली किती घरे शाकारली गेली आणि किती पोरांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

या हिशेबात एक रकाना तर कायमचाच कोरा राहिला. तो म्हणजे गिरणीत ठेवून आलेल्या कानांचा.

साचेखात्याची भाषा

ज्याने गिरणीतले साचेखाते पाहिलेले नाही, त्याला तेथल्या आवाजाची कल्पना देणे कठीण आहे. एकेका दालनात शेकडो माग एकदम चालत. प्रत्येक मागावर लाकडी धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जाई आणि दर फेकीला दांडक्याचा ठोका बसे. असे मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके एका मागाचे, आणि तेही लोखंडी खांबांच्या, दगडी भिंतींच्या बंद दालनात. शेजारच्या माणसाने कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी शब्द कळत नसे. म्हणून साचेवाले खुणांनी बोलत आणि एकमेकांच्या ओठांवरून शब्द वाचीत. दूर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या विणकरणींनीही हाच उपाय काढला होता. ओठांची ठसठशीत हालचाल करून आवाजाशिवाय बोलण्याची त्यांची एक स्वतंत्र तऱ्हाच प्रसिद्ध आहे. दोन देश, दोन भाषा, पण मागाने दोघांनाही मुक्याने बोलायला शिकविले!

आवाज मोजण्याचे माप डेसिबल. दोन माणसांचे सहज संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असते आणि धोट्याच्या मागांचे साचेखाते शंभराच्या घरात. वाचकांना वाटेल, साठ आणि शंभर यांत फरक तो किती? येथेच हे माप फसवे आहे. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते. म्हणजे साठाचे शंभर झाले की ती दहा हजार पटींनी वाढते! आपल्या देशात कारखान्यांसाठी ठरलेल्या मर्यादेप्रमाणे नव्वद डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते, पंचाण्णवमध्ये चार तास आणि शंभरामध्ये अवघे दोन तास. या मापाने पाहिले तर शंभर डेसिबलच्या खात्यातला साचेवाला दर पाळीला चार दिवसांचा आवाज पचवीत होता. असे त्याने तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे केले.

कानाच्या आत काय होते?

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणावळणांची नळी असते. तिच्यात हजारो सूक्ष्म केसाळ पेशी ओळीने उभ्या असतात. आवाजाची लाट आली की त्या डुलतात आणि त्यांचे डुलणे मज्जातंतूंवाटे मेंदूत पोचते. वाऱ्याने भाताचे पीक लवावे आणि वारा थांबताच पुन्हा उभे राहावे, तसे हे चालते. पण वादळ रोजच येऊ लागले तर? पीक आडवे होते आणि उठत नाही. भाताची लावणी पुढल्या वर्षी पुन्हा करता येते. कानाच्या पेशींची लावणी मात्र जन्मात एकदाच होते. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही आणि तिच्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

या पेशींतही आधी बळी जातात त्या उंच, तीक्ष्ण स्वर ऐकणाऱ्या. तपासणीच्या कागदावर चार हजार कंपनांच्या आसपास एक खळगा पडतो. डॉक्टर तो खळगा पाहून सांगू शकतात की, हे नुसत्या म्हातारपणाचे काम नव्हे. म्हातारपणाची रेघ उताराप्रमाणे हळूहळू खाली जाते, गोंगाटाची रेघ प्रथम खड्डा पाडते. दोन्ही कानांत सारखाच खड्डा असला आणि माणसाने वर्षानुवर्षे गोंगाटात काम केलेले असले, म्हणजे चोर ओळखायला फारसा वेळ लागत नाही.

या खळग्याचा घरात अर्थ काय होतो तेही पाहण्यासारखे आहे. स, श, च, फ हे वर्ण त्या उंच स्वरांच्या आधारावर उभे असतात. ते गळाले की आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. दुकानदार सांगतो "साठ रुपये" आणि याला ऐकू येते "आठ रुपये". नातवाचा, सुनेचा बारीक आवाज विरून जातो, पण ढोलाचा दणका छातीत बसतो. मग घरची माणसे म्हणतात, "पाहा, हवे तेवढे बरोबर ऐकू येते!" बिचाऱ्याच्या आजाराला लबाडीचे नाव मिळते. तो हळूहळू चारचौघांत बसणे सोडतो, मानेनेच 'हो हो' म्हणू लागतो. लग्नकार्यात, गावकीच्या बैठकीत एका कडेला बसून राहतो. ज्याला एकांत आवडत नाही त्याच्यावर एकांत लादला जातो. त्यातच कानात रातकिड्यासारखा अखंड सूर लागून राहिला तर रात्रीची झोपही जाते.

हा रोग काही आजचा नाही. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामात्झिनी या वैद्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला; त्यात तांबे ठोकून ठोकून बहिऱ्या झालेल्या तांबटांचे वर्णन आहे. १८८६ साली ग्लासगोच्या डॉ. टॉमस बार यांनी बॉयलर बनविणाऱ्या कामगारांचे कान तपासले आणि त्यांतला बहुतेक प्रत्येक जण कमीजास्त बहिरा असल्याचे दाखवून दिले. म्हणजे ठोक्याने कान जातो हे जगाला कधीचेच माहीत होते. त्याची किंमत कोणी द्यावी, हे ठरायला मात्र पुष्कळ वेळ गेला. औद्योगिक क्रांतीच्या माहेरघरी, इंग्लंडातसुद्धा, कामामुळे आलेले बहिरेपण हा भरपाईस पात्र रोग ठरला तो १९७४ साली.

महाडहून निघालेला एक धागा

महाड म्हटले की चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे ओंजळभर पाणी उचलले ते तहान भागविण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच पायावर पुढे १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईच्या गिरणगावात पोचली. 'ई. एस. आय.' या नावाने ती घरोघर ओळखीची झाली.

ओळखीची झाली खरी, पण अर्धीच! ई. एस. आय. म्हणजे तापाचे औषध, बाळंतपण आणि आजारपणाची रजा, एवढेच बहुतेकांना समजले. कामाने जडलेल्या रोगाबद्दल जन्मभर पैसे मिळू शकतात, हे कलम कोणी वाचून दाखविले नाही. या कायद्याच्या आणि १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या रोगांच्या यादीत 'आवाजामुळे आलेला श्रवणदोष' असे शब्द आले. कारखाने कायद्याच्या यादीतही हा रोग नोंदविला गेला. त्यामुळे कोणा कामगारास तो झाल्याचे दिसले की व्यवस्थापकाने आणि डॉक्टरानेही कारखाने निरीक्षकाच्या खात्यास कळविणे बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले गेले आहेत. कायद्याचे नाव बदलले, पण यादीतला हा रोग कायम राहिला.

तरीही गोंगाटाने गेलेल्या कानांबद्दल या देशात पहिली भरपाई मिळाली ती १९९६ साली! तोवर १८ जानेवारी १९८२ चा संप होऊन गेला होता. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात उतरले होते. त्यांतले कितीतरी पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. गाठोडे बांधून ते गावी परतले आणि ज्या कानांबद्दल दावा करायचा, ते कान घेऊन पडवीत येऊन बसले.

हक्क मिळाला नाही, तो का?

कारणे एक सोडून चार आहेत. पहिले म्हणजे हा रोग दिसत नाही. यंत्रात बोट गेले तर रक्त वाहते, पंचनामा होतो आणि खात्यातले दहा जण साक्ष देतात. कान जातो तेव्हा कोणी साक्षीला नसतो. ज्याचा जातो त्यालासुद्धा दहा वर्षे पत्ता नसतो.

दुसरे कारण भीतीचे. ऐकू येत नाही असे कबूल केले तर साहेब कामावरून काढील, ही धास्ती बदली कामगाराला असायची आणि आजच्या ठेकेदाराच्या कामगारालाही आहे. म्हणून तो आपले व्यंग आपणच लपवितो. खरे पाहता ई. एस. आय.चा कायम अपंगत्वाचा लाभ नोकरी चालू असतानाही मिळतो. पगार आणि लाभ यांचे भांडण नाही.

तिसरे कारण कागदाचे. कामावर लागताना कान कसे होते आणि पाच वर्षांनी कसे झाले, याची तपासणी गिरण्यांत कोण करीत होते? पहिला आलेखच नसेल तर किती गमावले हे दाखवावयाचे कशावरून?

आणि चौथे कारण मुदतीचे. १९२३ च्या कायद्यात भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावयाचा होता. उशिराचे सबळ कारण पटले तर ती अट शिथिल करता येई. पण वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गिरणीच्या मालकाला शोधीत कोणी जायचे? त्यामुळे जुन्या साचेवाल्यांपुरते हे दार बहुतांशी बंद झालेले आहे. हे कटू आहे, पण खोटी आशा दाखविण्यापेक्षा बरे.

पैशाचा हिशेब

ज्यांचे दार उघडे आहे त्यांच्यासाठी आता आकडे पाहू, कारण हक्काची भाषा आकड्यांतच नीट कळते.

ज्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि जेथे योजना लागू आहे, तेथे ई. एस. आय.चे संरक्षण मिळते. १ जानेवारी २०१७ पासून तिच्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. कामामुळे जडलेल्या रोगासाठी कामगाराने इतके महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. मात्र बहिरेपणाच्या बाबतीत त्या गोंगाटाच्या कामावर सलग किमान सहा महिने झालेले असावे लागतात. एवढे असले की रोग कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. इंग्लंडात हीच अट किमान दहा वर्षांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपला कायदा कागदावर किती उदार आहे हे कळते!

विम्याचे विशेष वैद्यकीय मंडळ कामगाराला तपासते आणि त्याची कमावण्याची शक्ती किती टक्के घटली हे ठरविते. समजा, एखाद्याचा दिवसाचा पगार ६०० रुपये आहे. त्याचे नव्वद टक्के म्हणजे ५४० रुपये. मंडळाने वीस टक्के हानी ठरविली तर ५४० चे वीस टक्के, म्हणजे रोजचे १०८ रुपये, महिन्याला ३,२४० रुपये. हे जन्मभर मिळावयाचे. पूर्ण बहिरेपण असेल तर कायद्याच्या तक्त्यात ती हानी शंभर टक्के धरलेली आहे. मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपिलाचीही सोय आहे.

जेथे ई. एस. आय. नाही तेथे मालकाने एकरकमी भरपाई द्यावयाची असते. २०२० साली या हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. तिच्या साठ टक्क्यांस, म्हणजे ९,००० ला, वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. चाळिसाव्या वर्षी तो आकडा १८४.१७ आहे. गुणाकार होतो १६,५७,५३० रुपये. ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. हानी वीस टक्के असेल तर तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३,३१,५०६ रुपये. डोंगरातल्या घराला ही रक्कम लहान नाही. पोरीचे शिक्षण त्यात होते, घरावर पत्रे चढतात आणि सावकाराचे तोंड बंद होते.

गिरणी गेली, गोंगाट राहिला

कोणी म्हणेल, गिरण्याच गेल्या, आता ही चर्चा कशाला? गिरण्या गेल्या खऱ्या, पण त्यांचे माग गेले नाहीत. ते भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला गेले. लहान लहान शेडमध्ये, ओळीने लावलेले, तोच खडखडाट करीत ते चालू राहिले. तेथे माणसे थोडी, कागद त्याहून थोडे. म्हणून कायद्याचा हात तेथवर पोचणे आणखी अवघड.

आणि खुद्द महाड-पोलादपुरातला माणूस आज कोठे काम करतो? महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आले. तेथे हवा दाबणारी यंत्रे आहेत, बॉयलर आहेत, चक्क्या आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण झाले, कशेडी घाटाखालून बोगदा निघाला. अशा कामांवर खडक फोडणारी यंत्रे असतात, खडीचे क्रशर असतात, सुरुंग असतात. खडक फोडण्याचे हातयंत्र शंभर डेसिबल सहज ओलांडते. त्यावर दिवसभर वाकलेल्या पोराच्या कानात एक कापसाचा बोळाही नसतो. आजोबा साचेखात्यात गेले, बाप कंपनीत गेला आणि नातू क्रशरवर! आवाजाचा हा वारसा मात्र न मागता मिळतो.

फटाक्यांच्या आवाजावर आपल्याकडे १९९९ पासून मर्यादा आहे. चार मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनविण्यास व विकण्यास बंदी आहे. चार रात्रींच्या आवाजाची आपण एवढी चर्चा करतो ते योग्यच. पण वर्षाचे तीनशे दिवस जो गोंगाटात उभा असतो, त्याच्या कानाची चर्चा कोणत्या दिवाळीत करावयाची?

आणि उपाय तरी किती साधे! यंत्राला वेळेवर तेल घालावे, ढिले भाग आवळावेत, गोंगाट करणाऱ्या यंत्राभोवती आडोसा घालावा, माणसांच्या पाळ्या बदलाव्यात. काही रुपयांची कानातली बुचे नीट बसविली तर पंधरा-वीस डेसिबल आवाज अडतो. दरवर्षी एकदा कान तपासले तर खळगा पडू लागताच माणसाला तेथून हलविता येते. मोठ्या कारखान्याला हा खर्च चहापाण्याच्या खर्चाहूनही जड नाही.

आपण काय करावे?

आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा, मामा, सासरे गिरणीत होते. गावी गेल्यावर ते टी.व्ही.चा आवाज मोठा करतात म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो. त्याऐवजी एकदा त्यांना श्रवणतज्ज्ञाकडे न्यावे आणि आलेख काढून घ्यावा. भरपाईचे दार बंद असले तरी दिव्यांगांच्या हक्कांचे दार उघडे आहे, आणि तेथे कान कशाने गेले हे कोणी विचारीत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत साठ ते सत्तर डेसिबल हानी असेल तर माणूस 'कमी ऐकू येणारा' ठरतो आणि सत्तरांवर 'कर्णबधिर'. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला की एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. दाखल्याचा अर्ज संगणकावरून भरता येतो, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. रायगड जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागला, आणि पोलादपूरहून अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर! म्हाताऱ्या माणसाला तेवढा प्रवास एकट्याने झेपत नाही. म्हणून बरोबर कोणी तरी हवे, आणि ते कोणी तरी म्हणजे आपणच.

यंत्रासाठीही वाटा आहेत. गरजू दिव्यांगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. ६५ वर्षांवरील गरजूंना साधनांसाठी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये सुरू केली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवण आणि वाणीच्या क्षेत्रात काम करीत आहे. मात्र यंत्र म्हणजे जुना कान परत येणे नव्हे, हे आधीच समजून असावे. ते आवाज मोठा करते. मेलेल्या पेशींना जिवंत करीत नाही. सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्या काळात घरच्यांनी समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. ओरडण्याचा उपयोग नाही. जुने साचेवाले तर ओठ वाचण्यात आपल्यापेक्षा केव्हाही तरबेज!

एक विसंगती मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. रेल्वेची भाड्यातील सवलत ऐकू न येणाऱ्यांना आहे, पण ऐकणे आणि बोलणे दोन्ही ज्यांचे गेले आहे अशांनाच. म्हणजे ज्याचे कान कामाने नेले, पण जीभ शाबूत आहे, त्याला ती नाही. कारखान्याने माणसाची वाचाही नेली असती तर बरे झाले असते, असे म्हणावयाचे की काय!

आणि जे आज कामावर आहेत, त्यांनी तीन कागद जपावेत. कामावर लागताना काढलेला कानाचा आलेख, दरवर्षीचा आलेख, आणि कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले याची नोंद. घरच्या सुशिक्षित माणसाने एवढे जरी करून दिले तरी उद्याचा दावा निम्मा जिंकल्यासारखा आहे. ई. एस. आय. आपल्या भागात लागू आहे का, आपले नाव वर्गणीत आहे का, हे विमा कार्यालयात विचारून घ्यावे. ठेकेदाराचा माणूस असला तरी त्याच्यामागे कायदा आहे. ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य मालकाकडे मागता येते.

महाडच्या तळ्यावर जे घडले त्याचे सार एवढेच होते की, हक्क कागदावर असून भागत नाही, कोणी तरी पुढे होऊन तो हातात घ्यावा लागतो. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता. पाणी मात्र १९२७ साली उचलले गेले. कानांच्या बाबतीतही ठराव झालेले आहेत, यादीत रोग आहे, तक्त्यात टक्के आहेत. ज्यांचे कान गेले त्यांना ही हाक ऐकू जाणार नाही. ज्यांचे कान शाबूत आहेत, त्यांनीच आता उठावयाचे आहे.